मीं पाहिलेला बर्फ

गेलीं सतरा वर्षें मी आपल्या शाळेंत भूगोल शिकवीत आलों आहें. या अवधींत मीं फळ्यावर किती हिमालय काढले आणि किती पुसले याची गणती नाहीं. हिमरेषा, हिमनदी, हिमवृष्टि हे शब्द जिभेवर इतके रुळून गेले होते कीं, ज्या वस्तूचे ते शब्द तिची आणि माझी कधीं भेटच झालेली नाहीं, हें मी स्वतः विसरून गेलों होतों. त्या विसरण्यांतून माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती प्रथम सांगतों, म्हणजे पुढील हकीकत मीं का लिहिली हें तुमच्या ध्यानांत येईल.

२००९ सालचा पावसाळा होता. इयत्ता ५वीचा तास चालू असून बाहेर मुसळधार पाऊस लागला होता. जुन्या इमारतीच्या पत्र्यांवर त्याचा असा ताशा वाजत होता कीं, मागच्या बाकापर्यंत शब्द पोंचविण्यास मला ओरडावें लागे. मी बर्फाविषयीं सांगत होतों. इतक्यांत तिसऱ्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, बर्फ पडतांना असाच आवाज होतो काय?”

प्रश्न उत्तम होता. “बाळ, मला ठाऊक नाहीं, मीं बर्फ पडतांना पाहिलेला नाहीं,” एवढें उत्तर पुरेसें झालें असतें. परंतु मी शिक्षक होऊन वर्षच झालें होतें आणि वर्गांतील सर्व डोळे माझ्याकडे लागले होते. मी म्हणालों, “होतो, पण हलका. सुपांत तांदूळ पाखडावे तसा.”

“तुम्हीं ऐकला आहे, सर?”

“ऐकला आहे. बस खालीं.”

तो बसला आणि त्यानें तें वाक्य वहींत उतरून घेतलें. खोटें बोलल्याचें मला त्या दिवशीं कांहींच वाटलें नाहीं, हें लाजेनें कबूल केलें पाहिजे. त्याची ती खालीं वांकलेली मान आणि वहीवरून सरकणारी पेन्सिल मात्र पुढें पुष्कळ दिवस डोळ्यांपुढें येत राहिली.

तो मुलगा मोठा होऊन सैन्यांत गेला. तीन-चार वर्षांपूर्वीं रजेवर आला असतां तो शाळेंत भेटावयास आला. हिमालयांतील एका चौकीवर त्यानें सबंध हिवाळा काढला होता. चहा घेतां घेतां तो सहज म्हणाला, “सर, तिकडे बर्फ पडूं लागला म्हणजे कानांत कापूस घातल्यासारखें होतें. कांहीं म्हणजे कांहीं ऐकूं येत नाहीं.” पांचवींतला तो प्रश्न त्याला आठवत होता कीं नव्हता, हें त्याच्या मुद्रेवरून मला कळलें नाहीं. मीं त्याच्या बशींत आणखी एक बिस्किट ठेवलें आणि बोलणें दुसरीकडे वळविलें.

आतां मूळ विषयाकडे येतों. २०२४च्या डिसेंबरांत माझ्या धाकट्या बहिणीवर अमेरिकेंत पोटाची शस्त्रक्रिया झाली. ती तेथें परिचारिका आहे. घरांत दोन लहान मुलें आणि नोकरी करणारा नवरा, म्हणून नाताळच्या सुटीला जोडून रजा घेऊन मी तिच्या मदतीस गेलों. (मदत म्हणजे काय, तर मला वरणभात व चहा एवढें करतां येतें. तेवढ्यावर त्या कुटुंबानें दीड महिना काढला.)

अमेरिका म्हटली म्हणजे आपल्यापुढें गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. बहिणीचें घर तसल्या अमेरिकेंत नाहीं. देशाच्या अगदीं दक्षिणेस, अलाबामा राज्यांत, मोबाइल नांवाच्या उपसागराच्या पूर्वेस बाल्डविन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग समजा. तेथील एका खेड्याबाहेर, शेतांच्या कडेला तिचें घर आहे. सबंध लांकडी, विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेलें, वर पत्र्याचें छप्पर, आणि पुढें आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें ऐसपैस पडवी. अंगणांत पेकन नांवाच्या कवचीच्या फळांचीं झाडें आणि एक जुनाट ओक वृक्ष. त्याच्या फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबतात. दाराशीं कॅमेलियाचीं झुडपें होतीं. तें त्या राज्याचें मानाचें फूल असून ऐन जानेवारींत तांबडेंभडक फुलतें. कुंपणापलीकडे ऐंशीच्या घरांतील एका आजीबाईंची सात्सुमा नांवाच्या लहान संत्र्यांची बाग होती. ज्या ठिकाणीं संत्रीं पिकतात त्या ठिकाणीं बर्फाची काय वार्ता? हें स्थळ सुमारें साडेतीस अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या चंदीगडच्या बरोबरीनें, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर.

तरीसुद्धां तेथें क्वचित् बर्फ पडतो, आणि त्याचें कारण नकाशावर स्पष्ट दिसतें. आपल्या उत्तरेस हिमालय पूर्वपश्चिम आडवा पसरला आहे. ध्रुवाकडील थंडगार हवेला ती भिंतच होय. उत्तर अमेरिकेंतील मोठे पर्वत दक्षिणोत्तर उभे आहेत. त्यामुळें कॅनडांतील गारठ्याला मधल्या मैदानांतून थेट आखातापर्यंत उतरावयास मोकळी वाट सांपडते. मात्र नुसत्या थंडीनें बर्फ पडत नाहीं. त्याच वेळीं आखातावरील दमट हवा तिच्यावर चढून यावी लागते. हीं दोन्हीं एकाच दिवशीं एकत्र येणें दुर्मिळ. म्हणून तेथील कित्येक मुलें बर्फावांचूनच मोठीं होतात, जशीं तुम्ही होत आहां.

सोमवार, तारीख २० जानेवारी २०२५ रोजीं सर्वत्र इशारे सुरू झाले. दुकानांतून पाव व दूध नाहींसें झालें. मेहुण्यांनीं घराखालच्या उघड्या नळांना जुन्या गोधड्या गुंडाळल्या आणि घरांतील प्रत्येक तोटी बारीक धारेनें चालू ठेवली. पाणी वाहतें राहिलें तर नळांत सहसा गोठत नाहीं. थोडथोडकें नव्हे, रात्रभर पाणी मोरींत चाललेलें पाहून मला कसेंसेंच झालें. आपल्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला तें सोसवत नाहीं.

शेजारी त्याहूनहि नवल चाललें होतें. आजीबाईंचा मुलगा आपल्या संत्र्यांच्या बुंध्यांवर बारीक तुषारांनीं पाणी उडवीत होता. मला वाटलें, हा गृहस्थ झाडें वांचवीत आहे कीं मारीत आहे? मग माझें मलाच हसूं आलें. पाणी गोठतांना दर ग्रॅममागें सुमारें ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतें. ९वीच्या वर्गांत ज्याला आपण अप्रकट उष्णता म्हणतों ती हीच. पाणी सारखें येत राहिलें आणि सारखें गोठत राहिलें कीं, त्याच्या आंतील साल शून्य अंशाच्या आसपास टिकून राहते. बर्फाचें पांघरूण घालून झाडाला ऊब द्यावयाची! पुस्तकांतील धडा माझ्यापुढें हातांत नळी घेऊन, टोपी कानांवर ओढून उभा होता.

मंगळवारीं सकाळीं आकाश शिशासारखें झालें. मी चुलीपाशीं चहा करीत होतों. एकाएकीं पत्र्यावर आवाज होऊं लागला. बारीक, कोरडा, सरसर असा. मी कान टवकारले. सुपांत तांदूळ पाखडल्याचाच तो आवाज! मुलांनो, त्या क्षणीं मला जो आनंद झाला तो एखाद्या निर्दोष सुटलेल्या आरोपीचाच म्हणावा लागेल. “ऐका, ऐका,” मी मोठ्यानें म्हणालों, “बर्फाचा आवाज ऐका!”

भाचा दाराशीं धांवला आणि परत येऊन म्हणाला, “मामा, हा बर्फ नाहीं. हे नुसते गोठलेले थेंब आहेत.” त्यानें तळहातावर आणलेले कण पाहिले तों खरोखरच कांचेच्या मण्यांसारखे ते टणक होते. पावसाचे थेंब खालीं येतां येतां वाटेंतच गोठले म्हणजे असे कण होतात.

दहा मिनिटांनीं आवाज थांबला. बहीण अंथरुणावरून म्हणाली, “दादा, थांबलें वाटतें.” मीहि तसेंच समजलों व निराश होऊन दार उघडलें.

थांबलें नव्हतें. बाहेर आकाश आणि भुई यांच्यामध्यें जागाच उरली नव्हती. पिसें, कापूस, शेवरीचा फेस, कशाची उपमा द्यावी तें सुचेना. त्या लक्षावधि वस्तु खालीं येत होत्या, आणि एकीचाहि आवाज नव्हता. पत्रा मुका झाला होता. दूरच्या हमरस्त्याची घरघर, आजीबाईंचा कुत्रा, तुषारांची फुसफुस, सर्व कोणीं तरी पुसून टाकावें तसें नाहींसें झालें होतें. ताज्या बर्फाच्या कणांमध्यें पुष्कळ पोकळी असते आणि तींत ध्वनि जिरून जातो, हें मला माहीत होतें. माहीत असणें निराळें. मी पडवींत उभा राहिलों आणि मला त्या शिपायाचे शब्द आठवले: कानांत कापूस घातल्यासारखें. चहा उतूं गेला तो गेलाच.

यापुढील चार-पांच तासांचें वर्णन एका प्रौढ शिक्षकानें शाळेच्या मासिकांत करावें कीं नाहीं, याचा मीं विचार केला. पण आतां खरें सांगावयाचेंच ठरविलें आहे. तो प्रदेश सपाट आहे, घसरण्यास टेंकडी नाहीं. बर्फावरून घसरण्याची गाडी तर कोणापाशींच नाहीं. म्हणून शेजारपाजारचीं मुलें तळ्याच्या बांधावर जमलीं. एकानें मासे धरावयास नेण्याची अरुंद होडी आणली होती, दुसऱ्यानें खोक्याचा पुठ्ठा, आमच्या भाचीनें धुण्याची प्लास्टिकची टोपली. टोपलींत मामांनीं बसावें असा तिचा आग्रह पडला. मी बसलों. बांध उणापुरा पुरुषभर उंच असेल. पण खालीं पोंचेपर्यंत माझा चष्मा एकीकडे, मफलर दुसरीकडे आणि मी तिसरीकडे! मुलांनीं टाळ्या पिटल्या. मीं कपडे झाडले आणि पुन्हां वर चढलों. असा सात वेळां गेलों. आठव्या वेळीं टोपली फुटली.

बर्फाचा माणूस करण्याचा प्रयत्न मात्र फसला. गोळा लोटूं लागलों तों खालचें गवत, काटक्या आणि देवदाराच्या जातीच्या झाडांचीं सुयांसारखीं पानें त्याला चिकटलीं, व जो तयार झाला तो माणूस नसून अस्वल झालें. भाचीनें त्याला कॅमेलियाचें फूल दिलें. त्या तांबड्या फुलांचें त्या दिवशींचें रूप मी विसरणार नाहीं. प्रत्येक फुलांत पांढऱ्या बर्फाची वाटी, आणि कुंपणावर तसाच तांबडा कार्डिनल पक्षी पंख फुलवून बसलेला.

बहीण खिडकींतून हें सर्व पाहत होती. तिला बाहेर पडण्याची मनाई होती. प्रथम ती हांसत होती. नंतर कांचेवर टिचक्या मारूं लागली. मग मीं वर पाहिलें तेव्हां ती डोळे पुसत होती. मी धांवत जाऊन परातभर बर्फ तिच्या पुढ्यांत आणून ठेवला. तिनें दोन्ही हात त्यांत मनगटापर्यंत घातले आणि म्हणाली, “दादा, असा पराातींतला नको रे.” शेवटीं मेहुण्यांनीं तिला दोन शाली व एक रजई गुंडाळून पडवींतल्या खुर्चींत आणून बसविलें. घटकाभरच बसली. परंतु शस्त्रक्रियेनंतर तिच्या तोंडावर रंग आलेला मीं तेव्हां प्रथम पाहिला.

तेथूनच तिनें गांवीं आईला दूरध्वनि लावला. तिकडे दुपार होती, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. आई जागीच होती. लेकीचें दुखणें ऐकल्यापासून तिला झोंप लागत नव्हती. यंत्राच्या पडद्यावर ती शेतें तिला दाखविलीं. आईनें उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचला आहे. ती कांहीं वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं बया, केवढा गं कापूस फुटलाय! आन् वेचणार कोण?” आम्ही दोघें भावंडें इतकीं हांसलों कीं, बहिणीला टांके दुखतात म्हणून आंत न्यावें लागलें. गंमत अशी कीं, त्या काउंटींत कापूस खरोखरच पिकतो.

दुपारीं आजीबाईंनीं दूरध्वनीवरून एक पाककृति सांगितली. दक्षिणेकडे बर्फ पडला म्हणजे ती करावयाचीच, अशी तिकडची चाल आहे. वरचा स्वच्छ, ताजा बर्फ पातेल्यांत घ्यावा. दूध, साखर व थोडा व्हॅनिलाचा अर्क घालून झटपट ढवळावें आणि वितळण्यापूर्वीं खावें. बहिणीनें त्यांत वेलदोड्याची पूड टाकविली. एक वाटी शेजारीं पाठविली तेव्हां आजीबाईंचा निरोप आला कीं, इतक्या वर्षांत या पदार्थांत कांहीं तरी कमी आहे असें वाटे, तें काय हें आज समजलें. ही दक्षिणेची रीतच आहे. तिकडचीं माणसें स्तुतींत हात आंखडीत नाहींत.

संध्याकाळच्या सुमारास मीं माझ्या काळ्या कोटाच्या बाहीवर कांहीं कण झेलून मुलांच्या भिंगांतून पाहिले. प्रत्येकाला सहा हात होते. मीं इतकीं वर्षें फळ्यावर आठ हातांचा कण काढीत आलों होतों, कारण आठ हात काढणें सोपें पडतें. पाण्याचे रेणु गोठतांना षट्कोनाकृतीच रचले जातात, म्हणून हात सहाच येतात. अमेरिकेंतील व्हर्मांट राज्यांत विल्सन बेंटली नांवाचा एक शेतकरी होऊन गेला. त्यानें १८८५ सालीं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा एका कणाचें छायाचित्र घेतलें आणि पुढें जन्मभर हिंवाळ्यामागून हिंवाळे तेंच काम करून पांच हजारांवर छायाचित्रें जमविलीं. त्याच्या हातीं जो धीर होता त्याचा शतांश माझ्या हातीं असता तर खडूनें नीट मोजून सहा रेघा ओढल्या असत्या.

मग पट्टी घेऊन अंगणांतील बर्फ मोजला. सात इंचांहून थोडा अधिक भरला. दुसऱ्या दिवशीं वाचलें कीं, मोबाइल शहरांत साडेसात इंच पडून १८९५ सालचा सहा इंचांचा उच्चांक मोडला होता. न्यू ऑर्लिन्स शहरांत आठ इंच पडला, आणि फ्लोरिडांतील मिल्टन गांवीं ९.८ इंच; त्या राज्यांत पूर्वींचा उच्चांक चार इंचांचा, तोहि त्याच गांवचा, १९५४ सालचा होता. परातींतला बर्फ आम्हीं चुलीजवळ ठेवून वितळूं दिला. कांठोकांठ भरलेल्या पराातीचें पाणी किती झालें असेल? तळ जेमतेम झांकला गेला. मुलांना तें अन्यायाचें वाटलें.

उत्तररात्रीं आकाश निवळलें आणि अर्धा चंद्र उगवला. झोंप न आल्यामुळें मी पुन्हां पडवींत गेलों. तळ्याच्या बांधावर आमच्या घसरण्याच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. हवा इतकी थंड होती कीं, नाकपुड्या आंतून चिकटत. सर्व काहीं उजळलेलें, आणि तोच निःशब्दपणा. आपल्या शाळेच्या पत्र्यांवरील पावसाची मला त्या वेळीं फार आठवण झाली.

या मौजेची किंमतहि सांगितली पाहिजे. त्या वादळांत दक्षिणेंतील रस्त्यांवर व थंडीनें माणसें दगावलीं. आमच्या घराखालचा एक नळ गोधडी असूनहि फुटला व दोन दिवस बर्फ वितळवून भांडीं घासावीं लागलीं. पुलांखालूनहि वारा वाहत असल्यामुळें ते रस्त्यांच्या आधीं गोठतात. म्हणून वाहतूक बंद होती. कॅमेलियाचीं फुलें तिसऱ्या दिवशीं भिजलेल्या कागदासारखीं तपकिरी झालीं. शेजारचा शेतकरी आपल्या संत्र्यांच्या फांद्यांची साल चाकूनें खरवडून हिरवी आहे काय तें पाहत हिंडत होता. मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, वसंतांत कळेल.” एप्रिलांत बहिणीचें पत्र आलें. शेंडे वाळले, जेथवर बर्फाचा वेढा होता तेथवर बुंध्यांना धुमारे फुटले, सहा झाडें समूळ गेलीं. तीहि आतां कामावर जाऊं लागली आहे.

फेब्रुवारींत मी परत आलों आणि ५वीच्या वर्गांत सहा हातांचा कण काढून दाखविला. त्या वर्गांतील मुलांनीं आवाजाविषयीं विचारलें नाहीं. मीच आपण होऊन सांगितलें.

राहिला तो शिपाई. त्याची आई आपल्या शाळेच्या फाटकाशीं बोरें व पेरू विकते. तुम्हां सर्वांना ती माहीत आहे. हा अंक छापून आला म्हणजे एक प्रत मी तिच्याजवळ देणार आहें. ती त्याच्याकडे पोंचविते म्हणाली आहे. त्यानें तो वाचावा, आणि ५वीची वही घरीं अद्याप असेल तर त्यांतील तें वाक्य खोडून टाकावें. आरंभीं दहा मिनिटें गोठलेले थेंब पडतात तेव्हां तसा आवाज होतो खरा. पण २००९ सालीं तें मला ठाऊक नव्हतें.